तीळ कुठल्या गालावर?

गल्लीत तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठ फिरली की तोफ. तिला ते ठाऊक होतं, आणि त्याचं तिला काही वाटत नसे. तोफ तर तोफ! पण तिचं चित्र पाहून कुणी ‘अच्छा, हे कॉम्प्युटरनं काढलंय होय?’ असं म्हटलं, की त्या माणसाची खैर नसे.

“कॉम्प्युटरनं?” ती कमरेवर हात ठेवून विचारी. “मग तुमच्या घरी भाजी पातेलं करतं वाटतं! आणि घरचं माणूस काय माशा मारत बसतं?”

उभी हयात तिनं एका फोटो स्टुडिओत काढली. आधी बारीक ब्रशनं फोटोवरचे डाग घालवायची, ओरखडे बुजवायची. मग मालकानं कॉम्प्युटर आणला आणि त्याला वाटलं, आता या बाईच्या तोंडाला तोंड द्यायला नको. थोड्याच दिवसांत तो तिलाच हाका मारायला लागला, कारण त्याच्या हातून नवरदेवाचं नाक गायब झालं होतं. लोक फाटके, भिजलेले, वाळवी लागलेले फोटो आणत. कुणाचे वडील, कुणाची गेलेली बहीण. ती अर्धा राहिलेला चेहरा पुरा करून द्यायची. परक्यांची माणसं अशी आयुष्यभर नीट केली, आणि स्वतःच्या आईचा एकसुद्धा फोटो घरात नव्हता. कॅमेरा दिसला की आई चट्कन तोंड फिरवायची. गालावर चांगला टपोरा तीळ होता, त्याची तिला लाज वाटे.

म्हणून काम सुटल्यावर तोफेनं पहिलं चित्र काढायला घेतलं ते आईचं. आठवणीतून. टॅबलेटवर, प्लॅस्टिकच्या पेननं. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे थर करायचे. एकावर नुसत्या रेषा, एकावर कातडीचा रंग, एकावर उजेड, एकावर केस. खालच्या थराला धक्का न लावता वरचा शंभरदा पुसता येतो, आणि तिनं तो पुसलाच. या कामात सगळ्यांना एक सवय असते. मध्येच चित्र आडवं उलटं करून बघायचं, डावीकडचं उजवीकडे. डोळ्याला सवयीनं न दिसलेली चूक लगेच दिसते. तीही करायची. पण चित्र उलटं केलं की आई एकदम परकी बाई वाटे. ती घाईघाईनं पुन्हा होतं तसं करून टाकी.

गावातल्या कलादालनात दरवर्षी प्रदर्शन भरे. तिनं चित्र मोठं छापून घेतलं, फ्रेम केली आणि नेलं.

“तुमचं ‘इतर’मध्ये लावतो,” चिटणीस म्हणाला. “मागची भिंत. स्वच्छतागृहाशेजारची. भरतकाम, आगपेटीच्या काड्यांचं जहाज, सगळं तिथंच आहे.”

झालं! तोफेला बत्ती लागली.

“इतर म्हणजे काय हो? तैलरंगाला भिंत, जलरंगाला भिंत, आणि आम्ही काय उकिरड्यावर? तुम्हाला माहीत तरी आहे का यात काय काय येतं? हे मी हातानं रंगवलंय, नुसता कॅनव्हास काचेचा होता. तुमच्या दारावरचं बोधचिन्ह आहे ना, ते बिंदू आणि रेषांच्या हिशेबावर काढतात, घराएवढं मोठं केलं तरी फाटत नाही. काहीजण एकेक चौकोनी ठिपका मांडून चित्र करतात, विणकामासारखं. काहीजण पडद्यावरच मूर्ती घडवतात, चहूबाजूंनी फिरवून बघता येते. कुणी फोटोंचे तुकडे जोडतो, कुणी चित्राला चालायला शिकवतो, कुणी नुसते नियम लिहितो आणि त्या नियमांतून नक्षी उगवते. कुणी अख्ख्या इमारतीवर प्रकाशानं चित्र टाकतो! हे सगळं तुम्ही काड्यांच्या जहाजाशेजारी लावणार?”

“माझ्या हातात काही नाही ताई,” चिटणीस दोन पावलं मागं सरला. “भिंत मास्तर ठरवतात.”

मास्तर म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला, डोंगर आणि होड्या रंगवणारा. इथला परीक्षक तोच. म्हणजे आईचं चित्र मोठ्या भिंतीवर लागणार की संडासाशेजारी, हे दादा सांगणार! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

लहानपणी घरात रंग एकाच पेटीत होते आणि ती पेटी दादाची होती. “त्याला त्यात पुढं जायचंय,” आई म्हणायची. धुलाई कारखान्यातून ती थकून यायची, तरी रोज संध्याकाळी दादासमोर मांडी घालून बसायची आणि तो काय काढतो ते कौतुकानं बघत राहायची. हिनं ब्रशला हात लावला की पाठीत धपाटा. आणि त्या दादानं जन्मात आईचं एक चित्र काढलं नव्हतं. ‘काढू की, घाई काय आहे’ असं म्हणता म्हणता ती गेली.

दादा आला, चष्मा वर करून चित्राजवळ गेला. मग हसला.

“अगं, तीळ चुकलाय! आईचा तीळ डाव्या गालावर होता. हा उजव्या गालावर आहे. भांगसुद्धा उलट्या बाजूला. म्हणून सांगतो, यंत्राच्या नादी लागलं की असं होतं. आईचा चेहरासुद्धा धड ठेवला नाही बघ त्यानं.”

“माझ्या आईचा तीळ मला माहीत नाही?”

“माझ्यासमोर बसायची ती रोज. डावा गाल. पैज लाव.”

तिनं पिशवीतून टॅबलेट काढला, चित्र उघडलं आणि रागारागानं उलटं केलं. “ही घे! ही आई वाटते तुला? कुठली कोण बाई ही!”

दादाचा चेहरा बदलला. त्यानं टॅबलेट दोन्ही हातांनी धरला. “हीच,” तो म्हणाला. “हीच गं. अगदी अश्शी बघायची.”

आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेत जायच्या आधी आई तिला आरशासमोर स्टुलावर बसवून मागं उभी राहायची आणि वेणी घालायची. दिवसभरात आई तिच्या वाट्याला यायची ती तेवढीच, आणि तीसुद्धा आरशातून. एरवी आईची पाठ, नाहीतर दारातून बाहेर पडणारी चप्पल. जो चेहरा तिनं पाठ केला होता, तो आरशातला होता.

तिनं टॅबलेट दादाच्या हातातून ओढून घेतला आणि चित्र पुन्हा होतं तसं केलं.

“ताई, मग ते उलटं करून छापून आणा,” चिटणीस मध्येच बोलला. “एक बटण तर दाबायचंय.”

“खबरदार!” दालनातली सगळी माणसं वळून बघायला लागली. “यात काही चुकलेलं नाही. मी बघितली ती ही. लावायची तर अशीच लावा, नाहीतर द्या माझी फ्रेम इकडं!” मग ती भावाकडं वळली. “आणि दादा, तुला तुझी आई हवी असेल तर तू काढ. रंग तुझ्याकडंच होते.”

दादानं मान खाली घातली. मग त्यानं आपलं होड्यांचं चित्र मोठ्या भिंतीवरून स्वतः उतरवलं आणि चिटणिसाला म्हणाला, “आईचं चित्र इथं लाव. आहे तसंच.”

ती पाय आपटत घरी आली. पिशवी खुर्चीवर टाकली, पाणी घटाघटा प्यायली, कपाटाचं दार धाडकन लावलं. नवऱ्यानं वर्तमानपत्रामागून अंदाज घेतला.

“नाही लावलं का चित्र?”

“लावलं. मोठ्या भिंतीवर.”

“मग आता कुणावर एवढी चिडलीस?”

ती उत्तर द्यायला वळली आणि तिथंच खाली बसली.

“अहो,” ती म्हणाली, “त्याला ती रोज समोरून दिसायची हो.”