पगारी बेसबॉलवाला मयुरेश

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये पगार घेऊन बेसबॉल खेळलेला मराठी माणूस एकच, आणि तो म्हणजे पद्माकरचा सख्खा धाकटा भाऊ मयुरेश. पद्माकर स्वतः दहावी. इथल्या एका इंडियन हॉटेलात तंदूर सांभाळतो. पण मयुरेशचा विषय निघाला की नान करपलं तरी चालेल, गोष्ट पुरी होणारच.

मयुरेश इकडे आला शिकायला. रविवारी मैदानात आपल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळायचा. एकदा त्याने बाउंड्रीवरून थेट स्टंप उडवला, आणि ते बघितलं बेसबॉलच्या ट्रेनरने. दोन महिन्यांत हातात ग्लोव्ह आणि एका सीझनचा फेरट्राग, म्हणजे करार. काम आउटफिल्डरचं. बॅटवाल्यापासून सगळ्यात लांब गवतात उभं राहायचं आणि उंच उडालेला बॉल खाली पडू द्यायचा नाही.

शेवटची मॅच आली. ही चांगली गेली की फेरट्राग वाढलाच, हे पद्माकरने स्वतःच ठरवून टाकलं आणि अख्खं महाराष्ट्र मंडळ गोळा केलं. बायकोला, उल्काला, पन्नास माणसांचे वडे तळायला लावले. मयुरेश एवढंच म्हणाला, दादा, इतकी माणसं कशाला? ऐकतो कोण.

शेवटचा डाव, बरोबरी. समोरच्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर; तिथून घरी, म्हणजे होम बेसवर, पोचला की रन. बॉल असा उडाला की माना दुखल्या. मयुरेश उलटा पळत गेला आणि कुंपणाला टेकून त्याने तो झेलला. झालं! गावच्या टुर्नामेंटमध्ये असा कॅच घेतला की माणसं आत घुसून पोराला खांद्यावर घेतात. पद्माकरने कुंपणावरून उडी मारली आणि भावाला कडकडून मिठी मारली.

पण बेसबॉलमध्ये कॅचनंतर खेळ थांबत नाही. बेसवरचा गडी तेव्हाच पळायला लागतो. मयुरेशचा हात दादाच्या मिठीत, आणि गडी घरी पोचला. अंपायरने रन दिला. त्याच एका रनने मॅच गेली.

"अहो, घरी चला," उल्का म्हणाली. वडे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी कामाआधी पद्माकर ट्रेनरकडे गेला. जन्मात कधी चूक कबूल न केलेला माणूस मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, चूक माझी आहे, पोराला काढू नका. ट्रेनर हसला. कॅचिंगची तक्रारच नाही, म्हणाला. वळणारा बॉल त्याच्या बॅटला लागत नाही. फेरट्राग वाढणार नाही हे त्याला शुक्रवारीच सांगितलंय.

पद्माकर तडक भावाच्या खोलीवर.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तोवर तू सगळ्यांना बोलावून बसला होतास."

"आणि मी मॅच घालवली तुझी."

"दादा, असल्या कॅचला इथे लोक टाळ्या वाजवतात आणि परत खाली बसतात. उडी मारून येणारा तू एकटाच होतास. मला आवडलं."

पद्माकरने तोंड फिरवून खिडकी उघडली. उकडतंय म्हणाला. बाहेर चांगलं गार होतं.

आता मयुरेश केमिकल कंपनीत नोकरी करतो आणि शनिवारी क्लबातल्या बारक्या पोरांना कॅच शिकवतो. पद्माकर गिऱ्हाइकांना सांगतो, अकरा मॅच खेळला, एक कॅच सुटला नाही. बॅटिंगचं कुणी विचारलंच, तर तंदूर बघायला आत जातो.