रवळूनं वितळवलेलं पितळ

येळ्ळूरच्या रवळू लोहाराला दोन गोष्टींचा गर्व होता, मिशीचा आणि कानाचा. मिशीचा ताठा नागुबाईनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी उतरवला, असं गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून सांगायच्या. त्यानंतर ती मिशी फक्त भात्यापुढं बसल्यावर वर चढायची. कानाला मात्र कुणाला नाव ठेवता आलं नाही. पांदीतनं बैलगाडी येत असली की रवळू मान वर न करता सांगायचा, "भावकूची गाडी हाय. डावं चाक वंगण मागतंय." आणि भावकू उतरून बघायचा तर डाव्या चाकाचाच तुंबा, म्हणजे मधला लाकडी गड्डा, कोरडा ठणठणीत.

गाडीच्या चाकाबद्दल त्याचा एक कायदा होता. कण्यावर, म्हणजे गाडीच्या आसावर, चाक घट्ट बसवायचं नाही, केसभर तरी मोकळीक ठेवायची. घट्ट चाक तापतं, तुंबा जळतो, बैल मरणाचं ओढतात. "चाकाला श्वास घ्यायला जागा पायजे," म्हणायचा. चालत्या गाडीचं चाक खट् खट् बोललं की रवळूचा चेहरा असा खुलायचा की नागुबाई म्हणायची, "माझ्याशी बोलताना कवा असं त्वांड केलं न्हाईसा." खानापूरच्या वाटेवर त्याच्या हातच्या कण्यांच्या किती गाड्या असतील कोण जाणे, पण एकीचंही चाक जळलं नाही. कायदा खराच होता. बैलगाडीपुरता.

शामू हा त्याचा धाकटा भाऊ. मानमोडीच्या साथीत आईबाप एकाच आठवड्यात गेले तेव्हा शामू दुधावरच होता. रवळू स्वतः मिसरूड न फुटलेला. त्यानं त्या पोराला शेळीच्या दुधावर वाढवलं आणि पुढं शालूबाई बघून त्याचं लग्न लावून दिलं. नागुबाईला मूल नव्हतं. गाव म्हणायचं, रवळूला पोरगा नाही कसा, शामू आहे की.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि बेळगावच्या कॅम्पात लष्करी लॉऱ्यांची रीघ लागली. तिथल्या एका कारखान्यात लोहार म्हणून शिरलेला रवळू दोन-तीन वर्षांत मिस्त्री होऊन बाहेर पडला. शामूही तिथंच लॉरी चालवायला शिकला. मग निपाणीच्या नेमिनाथ शेटजींनी तंबाखूच्या वखारीसाठी एक जुनी लॉरी घेतली आणि दोघा भावांना बोलावून घेतलं. रवळू मिस्त्री, शामू ड्रायव्हर. शेटजींनी शामूबद्दल विचारलं तेव्हा रवळूनं छाती ठोकून सांगितलं, "मालक, ह्यो माझ्या हातचा हाय."

लॉरी म्हणजे धूड होतं. पुढच्या चाकांचा धुरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड लोखंडी. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक उभी खिट्टी. त्या खिट्टीवर चाक डावी-उजवीकडं वळायचं. प्रत्येक खिट्टीभोवती वर-खाली पितळेच्या दोन नळ्या बसवलेल्या असतात, त्यांना बुश म्हणतात. ते बुश झिजून गेले होते. लढाईमुळं विलायतेहून सामान येत नव्हतं, म्हणून रवळूनं नागुबाईची एक घागर मोडली आणि स्वतः बुश ओतले. घागरीसाठी नागुबाई महिनाभर बोलली नाही, आणि रवळू महिनाभर सुखात होता असं वखारीतले हमाल सांगायचे. बुश झाले देखणे. कानशीनं घासताना रवळूनं प्रत्येकाला आतून केसभर मोकळीक ठेवली. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या सांध्यांनाही तशीच. चाक म्हणजे चाक. त्याला श्वास घ्यायला जागा पाहिजेच.

थोड्याच दिवसांत शामू कुरकुर करायला लागला.

"आण्णा, लॉरीच्या अंगात येतंय."

"म्हंजे?"

"सपाटीला जरा जोरात सोडली आणि एक चाक खड्ड्यात आदळलं की मुंडकं हलवाय लागती. ष्टेरिंग हातात राहत न्हाय. गप उभी केली तरच थांबती. पुन्हा चालवली की गरीब गाय."

"तुझ्या हातात जोर न्हाय ते सांग की. शालू जेवाय घालत न्हाय व्हय रं?"

वखारीत हशा पिकला. शामूही हसला, पण त्यानं तळवे पुढं केले. आंगठ्यांची मुळं काळीनिळी झाली होती. स्टेअरिंगचं चाक भिरभिरताना आतले आरे आंगठ्यांवर बसायचे.

रवळूनं मग लॉरी हातात घेतली. चाकांतली हवा सारखी केली. पुढची चाकं मागं आणि मागची पुढं घातली. स्प्रिंगच्या पाट्यांचे नट आवळले. स्टेअरिंगच्या पेटीत जरा ढिलाई होती, तीही काढून टाकली. एवढं झाल्यावर वखारीच्या आवारात हळूहळू फिरवून बघितली. लॉरी निमूट चालली. शेटजी स्वतः शामूशेजारी बसून संकेश्वरपर्यंत जाऊन आले. त्या दिवशी नेमकी ती थरथरली नाही. शामू चिडला, कारण लॉरी मालकासमोर अशी वागली की जणू तोच खोटारडा. कुणीतरी पुढं लिंबू-मिरची बांधली. शेटजी जैन माणूस, त्यांना ते रुचलं नाही, पण काढलंही नाही.

"रवळू, खरं सांग, गाडीत काही दोष आहे का?" शेटजींनी सगळ्यांदेखत विचारलं.

"गाडीत कायबी न्हाय, मालक. दोष बसणाऱ्यात हाय," रवळू म्हणाला आणि शामूकडं बघून त्यानं डोळा मारला. भावाची थट्टा केली, एवढंच त्याला वाटलं. शेटजी थट्टेतले नव्हते. त्यांनी ते वाक्य लक्षात ठेवलं.

शालूबाई थोरल्या दिरापुढं तोंड उघडायची नाही. ती नागुबाईला म्हणायची, "आक्का, भावजींस्नी सांगा. ह्येंच्या हाताला भाकर मोडत न्हाय." नागुबाई सांगायची. रवळू म्हणायचा, "बघतो." बघायचाही. पण आपण बसवलेले बुश सोडून बाकी सगळं.

दसरा तोंडावर आला होता. शामू बेळगावहून रिकामी लॉरी घेऊन निपाणीला येत होता. तवंदीचा घाट त्यानं सांभाळून उतरला. खालच्या सपाटीला जोर धरला आणि एक चाक मोरीच्या खड्ड्यात आदळलं. समोरून सदलग्याच्या आण्णाप्पाची कडब्याची गाडी येत होती. लॉरीनं आधी मुंडकं हलवलं, मग सगळं अंग. बघणारे सांगत होते की पुढची दोन्ही चाकं वेड लागल्यासारखी फडफडत होती आणि शामू त्या स्टेअरिंगला मिठी मारून लोंबकळत होता. ब्रेक लागेपर्यंत लॉरी कडब्यात घुसली. आण्णाप्पा जागच्या जागी गेला. एक बैल गेला. दुसरा जोखडात अडकून कितीतरी वेळ हंबरत राहिला.

शामूचे दोन्ही आंगठे मुळातून निखळले होते आणि डावं मनगट मोडलं होतं. बेशुद्ध पडलेला बघून कुणा भल्या माणसानं शुद्धीवर यावा म्हणून त्याच्या तोंडात दारू ओतली. फौजदार आला तेव्हा शामूच्या तोंडाला घमघमाट सुटला होता. ओतणारा भला माणूस दवाखान्याच्या दारापर्यंतही आला नाही. फौजदाराची टोपी बघितल्यावर तो कोणत्या गावचा हेही कुणाला आठवेना.

पंचनामा झाला आणि बैलांकडून ओढवून लॉरी वखारीच्या छपरात आणली. तिचं फार बिघडलं नव्हतं. वाकलं ते पुढचं पत्र्याचं तोंड. रवळू दवाखान्यात भावाला बघून आला तो कुणाशी न बोलता लॉरीखाली जाऊन आडवा झाला. त्यानं एका हमालाला वर बसवलं.

"ष्टेरिंग डावी-उजवीकडं हलीव. जरा जरा. थांबू नगंस."

हमाल हलवत राहिला. रवळूनं एकेका सांध्यावर हात ठेवला. पेटीपाशी काही नाही. पाट्यांपाशी काही नाही. दांड्याच्या सांध्यावर बोट ठेवलं तर वर हललेलं खाली जरा उशिरा पोचत होतं. मग त्यानं खिट्टीला हात लावला आणि त्याच्या कानाला ऐकू आलं, खट् खट्. जन्मभर ज्या आवाजानं तो खुलायचा तोच.

त्याला सगळं उमगलं. बैलगाडीचं चाक कण्यावर नुसतं फिरतं, त्याला वळायचं नसतं. ह्या चाकांना वळायचं असतं, आणि दोन्ही एकाच धुऱ्याला बांधलेली. डावं आदळलं की धक्का धुऱ्यातून उजव्याला. उजवं तो परत डाव्याला. सांधे घट्ट असते तर धक्का तिथंच मेला असता. त्यानं मोकळीक ठेवली होती, म्हणून प्रत्येक फेरीला तो वाढत गेला. जोरात पळताना खड्डा लागल्याशिवाय हे घडत नव्हतं, म्हणूनच आवारात कधी दिसलं नाही.

"बास?" वरून हमालानं विचारलं.

रवळूनं खिट्टीवरचा हात काढला.

त्याच क्षणी उठून शेटजींना आणि फौजदाराला हाताला धरून त्यानं लॉरीखाली आणायला हवं होतं. खट् खट् ऐकवायला हवं होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण रवळू लोहार होता आणि खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती. लोहाराच्या घरी त्या दिवशी मोडकं हत्यार पुजत नाहीत. पूजेला ठेवायचं ते धड असलं पाहिजे, नाहीतर वर्षभर घरातला माणूस मोडतो. शामू तर आधीच मोडून पडला होता. लॉरी धड करून देवीपुढं उभी केली तर देवी त्या पोराकडं बघेल, एवढंच रवळूच्या डोक्यात होतं.

त्यानं चारही बुश ठोकून काढले. बाजारात पितळ मिळत नव्हतं. त्याच बुशांचं पितळ मुशीत घातलं, घरातला एक तांब्या मोडून त्यात टाकला आणि नवे बुश ओतले. ह्या वेळी नागुबाईनं तांब्या स्वतः आणून दिला. रवळूनं बुश असे घासले की खिट्टी त्यात हातानं दाबूनच जावी. दांड्याचे सांधेही नवे केले. खंडेनवमीला लॉरीला झेंडू चढला, नारळ फुटला. शालूबाईनं लांबूनच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी तो शेटजींकडं गेला.

"मालक, बसा शेजारी. एक दाखवायचं हाय."

तवंदीच्या सपाटीला, त्याच मोरीच्या खड्ड्यावर त्यानं लॉरी भरधाव घातली. शेटजींनी डोळे मिटून घेतले. लॉरी आदळली आणि सरळ पुढं गेली. रवळूनं पुन्हा फिरवून आणून घातली. पुन्हा सरळ.

"बघितलासा? आता थरथरत न्हाय. म्हंजे दोष माझ्या बुशात हुता, मालक. शामूचा न्हवं. मी ढिलं ठेवलतं."

शेटजी खाली उतरले. धोतर झटकलं.

"मी काय बघितलं सांगू? शुद्धीवरचा माणूस बसला की गाडी सरळ जाते."

"न्हाय वो! ते बुश ढिलं हुतं!"

"कुठं आहेत ते?"

रवळूनं लॉरीकडं बोट दाखवलं, आणि ते बोट तसंच राहिलं.

"मी पुन्हा ढिलं करून दावतो. तुमीच बघा कशी हलती ते."

"चांगली गाडी मोडून दाखवणार? ते मलाही येईल." शेटजींचा आवाज खाली आला. ते वाईट माणूस नव्हते. "रवळू, तुझी माया कळते मला. तुझ्या हातचं काम कधी ढिलं असतं का? सगळा मुलूख जाणतो. आणि दोष बसणाऱ्यात आहे हे तूच सांगितलंस. दहा माणसांत."

मोटारी तपासणारा साहेब बेळगावहून आला तो दसऱ्यानंतर. त्यानं लॉरी हलवून बघितली, चालवून बघितली. कुठं काही सापडलं नाही. सापडणार कुठून? चिकोडीच्या कोर्टात रवळू साक्षीला उभा राहिला आणि ओरडून ओरडून सांगितलं की गुन्हा माझा आहे. सरकारी वकिलानं एवढंच विचारलं, "आरोपी तुमचा कोण?" रवळू म्हणाला, "भाऊ. पोरासारखा." वकील खाली बसला. मागं बसलेली येळ्ळूरची माणसं डोळे पुसत होती. भावासाठी स्वतःच्या नावाला काळं फासून घेणारा माणूस! रवळूचं नाव त्या दिवसापासून पंचक्रोशीत अजूनच मोठं झालं. शामूला शिक्षा झाली.

शालूबाई माहेरी गेली. जाताना ती पहिल्यांदा दिराशी सरळ बोलली. "भावजी, तुमी खरं बोललासा का खोटं?"

"खरं बोललो गं."

"मग कुणालाच कसं खरं वाटंना?"

तिलाही खरं वाटत नव्हतं, हे रवळूला तिच्या तोंडाकडं बघून कळलं.

लॉरी नव्या ड्रायव्हरच्या हाताखाली वर्षानुवर्षं धावली आणि एकदाही थरथरली नाही. प्रत्येक खेप शामूविरुद्ध एकेक साक्ष होती. रवळूनं निपाणी सोडली. गावात कुणी गाडीचा कणा घेऊन आलं तर तो भात्याला हात लावायचा नाही. लोक म्हणत, भावाच्या दुःखानं खचला. त्याला आता एकच आशा होती. सगळी दुनिया चुकली तरी शामूला माहीत आहे. त्याचे आंगठे साक्षीला आहेत.

लढाई संपल्यावर शामू सुटून आला. आंगठे वाकडेच जुळले होते. पेला दोन्ही तळव्यांत धरून तो पाणी प्याला. रवळू त्याच्यापुढं बसला आणि बुशांची सगळी हकीगत पहिल्यापासून सांगितली. खट् खट् कसं ऐकू आलं ते सांगितलं. शामू खाली मान घालून ऐकत होता.

"आण्णा, तुरुंगात लई इचार केला मी," तो म्हणाला. "लॉरी पुन्हा कवाच हलली न्हाय म्हणं. माझाच डोळा लागला असंल. तोंडाला वासबी हुता म्हणत्यात. कुठं थांबलतो का, काय घेतलं का, आता आठवत न्हाय."

"आरं, ती दारू मागनं वतली तुझ्या तोंडात!"

"असंल." शामूनं पेला खाली ठेवला. "तुमी कोर्टात माझ्यासाठी खोटं बोललासा. उपकार हायती तुमचं. पर आता पुरं करा, आण्णा."