सत्यशीलाबाईंचं तेल

वाटूर फाट्यावर वसंता मिस्त्रीचं नाव तीस वर्षांचं. नुसता धूर बघून तो इंजिनाचं दुखणं सांगायचा. त्याच्या शब्दापुढे कुणी जात नव्हतं.

मग विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या सत्यशीलाबाईंनी नवऱ्याच्या मागे बंद पडलेली पिठाची गिरणी सुरू केली. हॉटेलांतलं भजी तळून काळं पडलेलं तेल त्या आणत, गाळत, रसायनं घालून त्यातलं ग्लिसरीन वेगळं करत आणि उरलेलं बायोडिझेल गिरणीच्या डिझेल इंजिनात ओतत. इंजिन चाललं. धूरही जेमतेम दिसे. कुंभार पिंपळगावचे दोन ट्रॅक्टरवाले ते बघायला आले. वसंताच्या दुकानासमोरून न थांबता सरळ गिरणीकडे गेले. ते त्याला फार लागलं.

"बाईनं पोरं शिकवावी," तो टपरीवर म्हणाला. "बघा, सहा महिन्यांत इंजिन बसतंय."

दोनच महिन्यांत ते बंद पडलं. बाईंचा फोन आला तेव्हा वसंता अर्धा चहा टाकून धावला.

गिरणीत दळणाला आलेल्या बायका उभ्या होत्या. त्यानं फिल्टर खोलला. काळ्या गाळानं गच्च. मग इंजिनात तेल फवारणारं नोझल काढलं. ते लख्ख होतं. इतकं स्वच्छ नोझल त्यानं कधी पाहिलं नव्हतं. गाळ जुन्या डिझेलचा, टाकीत वर्षानुवर्षं बसलेला. या तेलानं तो धुऊन फिल्टरमध्ये आणला होता. हे कळलं तरी त्यानं नोझल मुठीत झाकलं.

"खलास! तेलानं इंजिन खाल्लं. म्हन्लंच व्हतं मी."

"नोझल दाखवा, वसंताभाऊ," बाई म्हणाल्या.

मूठ उघडावी लागली. बाईंनी नोझल उजेडात धरलं. "टाकी आधी धुवायला पाहिजे होती. चूक माझीच. नवा फिल्टर टाका."

हँडल मारताच इंजिन उठलं. बाई त्याला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

महिनाभर तो धुमसला. शेवटी एका दुपारी रिकामा डबा घेऊन गेला. "तेल द्या. बनवायचं कसं, ते बी सांगा," तो खाली बघत म्हणाला.

"आधी चष्मा लावा. रसायन डोळ्यांत उडालं तर जड जाईल," बाई म्हणाल्या आणि शिकवू लागल्या.

आता ट्रॅक्टरवाले टाकी धुवायला वसंताकडे थांबतात, तेलही त्यानंच बनवलेलं नेतात. पण डबा उचलताना एखादा विचारतोच, "बाईंचंच हाये ना हे?"

"हौ, बिलकुल," वसंता म्हणतो, आणि त्याचं तोंड कडू होतं.