उघडता येईल असा कॅमेरा

सिद्धू कारखान्यात माझ्या हाताखाली आला तेव्हा त्याला पाना धरता येत नव्हता. निवृत्त झाला तेव्हा मिल हाउसमध्ये, म्हणजे ऊस पिळतात त्या भागात, त्याच्या तोडीचा फिटर नव्हता. हे मी उगाच म्हणत नाही. मला कौतुक करायची सवय नाही.

माळेगावचा कारखाना सोडून आम्ही घरी बसलो. मी आधी, तो नंतर. तो काटेवाडीला राहतो. मूळचा इंदापूर तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. त्यांचं जुनं गाव उजनी धरणात गेलं. मग मेंढरं विकली, बाप खचला आणि गेला. आई राहिली. भागूबाई. मागच्या श्रावणात त्याही गेल्या. त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात सिद्धूनं कॅमेरा घेतला, त्याची ही हकीगत.

त्या उन्हाळ्यात धरण फार आटलं. जुन्या गावचं देऊळ उघडं पडलं. लोक गाड्या घेऊन बघायला जाऊ लागले. सिद्धूचा मुलगा रविराज एमआयडीसीत दूध डेअरीत कामाला आहे. त्यानं मोबाईलवर आजीला देवळाचा व्हिडिओ दाखवला. म्हातारीनं तो पाहिला आणि विचारलं, "ओढ्याच्या पल्याड काय दिसतंय का?"

"पल्याड काय हाय, आजी?"

"माझी म्हाळसा हाय."

रविराजनं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. त्यानं बापाकडं पाहिलं. सिद्धू उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला. चहा घेतला नाही. म्हणाला, "तात्या, धाकटी बहीण हुती मला. अंगावर पिणारी. तापात गेली. आबानं घोंगडीत गुंडाळून ओढ्यापल्याड पुरली. कुदळ म्या धरली हुती."

"आणि आई?"

"बायामाणसं तितं जात न्हाईत, तुमाला ठावं हाय. आय देवळाच्या कोपऱ्यापतूर आली. तितनं तिला परत फिरवली. नंतर धरण आलं. तिनं ती जागा बघितलीच न्हाय."

घरात त्या लेकराचं नाव कुणी काढलं नाही. बापानं काढलं नाही म्हणून आईनं काढलं नाही, आणि आईनं काढलं नाही म्हणून सिद्धूनं. जागा कुठं आहे हे आता फक्त सिद्धूला माहीत होतं. म्हातारीला गाडीत बसवून धरणावर नेणं शक्य नव्हतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला होती. तिनं एवढंच सांगितलं होतं, "पाणी यायच्या आत मला दाव."

आम्ही त्याच आठवड्यात जाऊन आलो. देवळापर्यंत जमीन कडक होती. पुढं ओढा, आणि ओढ्यात नुसता गाळ. वरून भेगाळलेला, आत लोण्यासारखा. एक म्हैस त्यात रुतून मेलेली दिसत होती. होडी घालावी तर पाणी नाही, चालावं तर पाय ठरत नाही. सिद्धूनं काठावरून बोट दाखवलं. पलीकडं उंचवट्यावर एक काळा ठिपका होता.

"दगड हाय त्यो. तिच्यावरचा."

मोबाईलवर मोठं करून पाहिलं तर ठिपक्याची नुसती राख झाली. सिद्धू म्हणाला, "ह्याच्यानं व्हायचं न्हाय. कॅमेरा पायजे. फोटोबी निघंल आन व्हिडिओबी निघंल आसा."

"फोटो निघाला की झालं. व्हिडिओ कशाला?"

"नुसता दगड दावला तर ती कसं वळकंल? देवळाच्या कोपऱ्यापासनं निघून तितपतूर न्यायची हाय तिला."

बारामतीत भिगवण रस्त्याला एक दुकान आहे. काउंटरवर श्रेया नावाची मुलगी होती. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि पहिल्यांदा विचारलं, "आजोबा, कशाचे फोटो काढायचेत?"

"लांबचं," सिद्धू म्हणाला. यापुढं त्यानं काही सांगितलं नाही.

"पक्ष्यांचे का? भिगवणला जाता?"

"पक्षी समजा."

मुलगी चांगली होती. महागातलं गळ्यात मारायचा प्रयत्न तिनं केला नाही. म्हणाली, अगदी स्वस्तातला घेतला तर लांबचं नीट येणार नाही, आणि लग्नाची ऑर्डर घेणाऱ्यांचा घेतला तर तुम्हाला त्याचा उपयोग नाही, तो जडही आहे. मधल्या भावातले दोन काढून ठेवते. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नका. हात हलला तरी चित्र हलू नये, एवढं आधी बघा.

पहिल्या कॅमेऱ्याची लेन्स अंगालाच पक्की होती. लांबचं जवळ आणण्यात तो पुढं होता. दुसऱ्याची लेन्स काढता घालता येत होती. एक छोटी, घरातल्या कामाची. एक लांब. रंग आणि व्हिडिओ याचा सरस होता, अंधूक उजेडातही चित्र स्वच्छ येत होतं.

सिद्धूनं दोन्ही हातात घेतले. वजन पाहिलं. बटणं दाबून पाहिली, दाबल्यावर किती हलतात ते पाहिलं. दुकानाच्या दारात उभा राहून समोरच्या इमारतीवरच्या पाटीचा फोटो दोन्हींतून काढला. श्रेयाला विचारलं, "ह्यो पहिला उघडतो का?"

"नाही. सीलबंद असतो. धूळ आत जात नाही, हाच त्याचा फायदा. काठावर, उन्हात वापरणार असाल तर मी हाच सांगेन."

"जे उघडत न्हाय ते बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं?"

"दुरुस्तीला आम्ही पाठवतो ना."

"दुसऱ्याच्या हातात का द्यायचं?" सिद्धू म्हणाला आणि दुसरा घेतला.

त्याचा हिशेब मला पटला. आम्ही आयुष्यभर उघडून बघितलं. बेअरिंग तापलं, उघड. रोलर अडकला, उघड. झाकण ज्याला नाही ते मशीन आम्हाला परकं वाटतं.

श्रेयानं लेन्स बदलून दाखवली. आत एक चौकोनी काच चमकत होती. "हा सेन्सर. चित्र इथं पडतं. लेन्स काढली की तोंड खाली धरायचं. आत बोट लावायचं नाही, कधीच."

"न्हाय लावत," सिद्धू म्हणाला.

आठ दिवस त्यानं घरी सराव केला. तिपाई विकत घेतली नाही. पाइप कापून, वेल्डिंग करून स्वतः केली, आणि कॅमेरा सावकाश फिरावा म्हणून तिच्या डोक्यात बेअरिंग बसवलं. मी फिरवून पाहिलं. कुठं अडत नव्हतं, कुठं सैल नव्हतं.

जायच्या दिवशी सकाळी पूजा केली. कारखान्यात नवं मशीन आलं की आम्ही पूजा केल्याशिवाय चालू करत नसू. आणि पूजा करताना गार्ड काढायचा. हळदकुंकू लावायचं ते पत्र्याच्या झाकणाला नाही, आतल्या गिअरला, जिथं काम होतं तिथं. ही आमची पद्धत. सिद्धूनं पाटावर कॅमेरा ठेवला आणि लेन्स काढली.

त्यानं बोट लावलं नाही. दिलेला शब्द तो पाळतो. झेंडूची पाकळी ओल्या हळदकुंकवात बुडवली आणि त्या चमकत्या काचेच्या बरोबर मधोमध टेकवली. नारळ मी फोडला. मग सिद्धूनं कापसानं काच हलकी पुसून घेतली. आमच्या दोघांच्या डोळ्यांना ती स्वच्छ दिसली. घरात छोट्या लेन्सनं म्हातारीचा एक फोटो काढला. तोही नीट आला.

"आय, जाऊन येतो."

"पाणी हाय का तितं?"

"अजून न्हाय."

काठावर कडक ऊन होतं. देवळापाशी माणसं सेल्फी काढत होती. सिद्धूनं देवळाच्या बऱ्याच मागं, उंच टेकाडावर तिपाई रोवली, पायाखाली चपटे दगड घातले, लांब लेन्स लावली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ऊन पडत होतं, मी टॉवेल धरला तरी नीट दिसत नव्हतं. एवढं कळत होतं की दगड जवळ आलाय. सिद्धूनं प्रत्येक वेळी तो मधोमध घेतला. कडेला चालणार नाही, जरा डावीकडं चालणार नाही. दर फोटोला तिपाई हलवायची, पाय परत बसवायचे, माप घ्यायचं. उन्हानं माझं डोकं दुखू लागलं. त्यानं पाणीही प्यायलं नाही. शेवटी व्हिडिओ घेतला. देवळाचा कोपरा, पायऱ्या, ओढा, बाभळीचे वाळके बुंधे, असं करत कॅमेरा फिरवत आणला, दगड मधोमध आल्यावर थांबला आणि तसाच बराच वेळ चालू ठेवला.

"पोटभर बघू दे," म्हणाला.

संध्याकाळी रविराजनं कॅमेरा टीव्हीला जोडला. म्हातारीला उशीला टेकवून बसवलं. पहिला फोटो आला.

देऊळ स्वच्छ. बाभळीची साल मोजावी इतकी स्वच्छ. आणि मधोमध, दगड असायला हवा तिथं, काळपट पिवळा डाग.

दुसरा फोटो. डाग. तिसरा. डाग. सिद्धूनं एकही फोटो तिरपा काढला नव्हता. एकातही दगड मधून हलला नव्हता. काम बिनचूक झालं होतं, म्हणून एकही वाचला नाही.

"टीव्हीला काय लागलंय का?" म्हातारीनं विचारलं. रविराजनं टीव्ही पुसला. सिद्धू बसल्या जागी हात बघत होता. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

"आण्णा, व्हिडिओ लावू?" रविराजनं बापाला विचारलं.

"लाव. काय उपेग न्हाय."

देवळाचा कोपरा दिसला. म्हातारी म्हणाली, "हितंच. हितनंच मला माघारी धाडली." मग ओढा सरकला. डाग पडद्याच्या मध्यावर तसाच, आणि त्याच्या मागून गाव सरकत होतं. बुंधे आले, डागाखाली गेले, पलीकडून निघाले. मग पडद्याच्या कडेनं दगड आत आला. क्षणभर पुरता दिसला. मग तोही सरकत डागाखाली गेला आणि तिथंच राहिला.

"थांब! माघारी घे."

रविराजनं मागं घेतलं. मध्येच थांबवलं तर चित्र पुसट व्हायचं. चालू ठेवलं तर दगड निघून जायचा. म्हणून तो पुन्हापुन्हा मागं घेत राहिला. म्हातारी पुढं वाकली.

"सिद्धू, ही आपली डोण हाय."

तिनं पडद्याकडं बोट केलं.

"मेंढरांची दगडी डोण. पाणी पाजायची. कडंला टवका उडालेला. उपडी घातलीया. मी इचारलं हुतं तुझ्या आबाला, डोण कुठं गेली. इकली म्हनला."

"फुटली हुती," सिद्धू म्हणाला. "आबा म्हनला, हलका दगड कोल्हं उकरतील. मग आमी दोघांनी ढकलत नेली. तुला सांगू नगो म्हनला. तू पाणी पाजताना रोज रडशील म्हनला."

म्हातारी मागं उशीला टेकली. मग म्हणाली, "मला वाटायचं, नुसती माती लोटून आली आसतील. रातीला कोल्हं वरडलं की मी उठून बसायची." आणि रविराजला म्हणाली, "परत लाव बाळा."

सकाळी आम्ही दुकानात गेलो. श्रेयानं आतली काच भिंगाखाली पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "आजोबा, हे काय लागलंय? घरातल्या उजेडात हा डाग दिसत नाही, उन्हात दिसतो. मी बोट लावू नका म्हटलं होतं."

"बोट न्हाय लावलं."

"मग?"

"पूजा केली."

ती हसली नाही. नुसती लेन्स लावत राहिली. पुसायचं काम पुण्यात होणार होतं. सिद्धूनं मी घरी पुसतो म्हटलं नाही. ज्यानं आयुष्यात दुसऱ्याच्या हातात मशीन दिलं नाही, त्यानं खोका पुढं सरकवला आणि पावती न बघता खिशात घातली.

कॅमेरा साफ होऊन आला तोवर वरच्या धरणांतून पाणी सुटलं होतं. आम्ही तरी गेलो. तिपाई त्याच चपट्या दगडांवर रोवली. देवळाचं शिखर तेवढं वर होतं. सिद्धूनं शिखरावरून अंदाज घेतला, कॅमेरा फिरवला आणि नेमक्या त्या जागेवरचं पाणी मधोमध घेतलं. संथ, करडं, लाटही नाही. बऱ्याच वेळा काढलं.

घरी येऊन त्यानं त्यातला एक फोटो आईला दाखवला. कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ. कुठं ठिपका नाही. मला वाटतं, त्याला तिला दाखवायचं होतं की आता मशीन नीट आहे. आपण नीट केलं आहे.

म्हातारीनं पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं.

"पाणी आलं व्हय."

"व्हय आय."

"ह्यात काय न्हाय, सिद्धू. त्यो डागाचाच लाव."

सिद्धूनं तो व्हिडिओ लावला आणि तिच्या पायाशी बसला. दगड आत आला, दिसला, गेला. सिद्धूनं मागं घेतलं.