सोयाचा चक्का

माझ्या वडलांनी जन्मात कधी पाट्यावर काही वाटलं नव्हतं, आणि तरी आमच्या पेठेत सोयाबीनचे जाणकार म्हणून त्यांचंच नाव. ते हायस्कुलात मास्तर होते. रेशनचे दिवस होते, आणि कुठल्याशा प्रदर्शनातून ते पोतंभर सोयाबीन आणि डोकंभर विचार घेऊन आले. हे बी म्हणजे गरिबाची म्हैस, असं ते भेटेल त्याला सांगू लागले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमचा दुधाचा रतीब बंद केला. घरात म्हशीचं दूध पिऊन लोकांना कुठल्या तोंडाने सांगू, म्हणाले. आईला विचारलं नाही.

मग सगळं आईच्या गळ्यात. भिजलेल्या बियांची सालं चोळून काढायची, पाट्यावर गंधासारखं बारीक वाटायचं, पाणी घालून जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळायचं. ते दूध चुलीवर चढवलं की जागचं हलायची सोय नाही, आणि कच्चट वास घरभर. पुरतं उकळलं की लिंबू पिळायचं. दूध फाटलं की फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायचा. दुपारपर्यंत पांढरी घट्ट वडी जमे. वडील तिला सोयाचा चक्का म्हणत. तळून कांदा-लसूण चटणीच्या रश्श्यात सोडला की तो चांगला लागायचा, खोटं कशाला बोलू? पण ती चव आईच्या हाताची होती. वडील रस्सा ओरपून म्हणत, "बघा, किती सोपं आहे!"

सोपं! आईच्या अंगावर तेव्हा धाकटा भाऊ होता. आधीचं एक मूल गेलेलं, म्हणून हा जगावा यासाठी तिने नृसिंहवाडीच्या दत्ताला गुरुवार बोलले होते. दिवसभर फक्त दूध, दुसरं काही नाही. आता घरात दूध होतं ते कडधान्याचं, आणि कडधान्य उपासाला चालत नाही. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसाच्या ध्यानात आली नाही. आई गुरुवारी नुसत्या पाण्यावर राहायची. संध्याकाळी तिला पान्हा फुटत नसे आणि बाळ रडून रडून काळंनिळं होई. आतल्या खोलीतून वडील ओरडत, "त्याला गप्प करा, मी भाषण लिहितोय."

ते भाषण एका बुधवारी तालमीशेजारच्या सभागृहात झालं. आईने केलेला चक्का परातीतून सगळ्यांना वाटला. आमची जुनी गवळण पुढेच बसली होती. तिने मधेच तोंड घातलं.

"मास्तर, ह्ये उपासाला चालतंय व्हय?"

वडील भाषणाचे कागद चाळू लागले. गवळण परातीपाशी उभ्या आईकडे वळली. "वैनी, तुमचं गुरवार हाईत न्हवं? दूध तर बंद केलासा. मग घेतायसा काय?"

"पाणी पितो की," आई म्हणाली.

सगळ्यांच्या माना वडलांकडे वळल्या. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. वडलांनी चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मग उपासच सोडायचा! आजपासून आमच्या घरात गुरुवार बंद." लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढा पुढारलेला माणूस म्हणून! तिथल्या तिथे ती परात कुणाच्या तरी डोक्यात घालावी असं मला झालं.

घरी आल्यावर आईने भिजत घातलेल्या बियांचं पातेलं वडलांपुढे आणून ठेवलं. "गुरवार माझा हाय. त्यो मी सोडणार न्हाय. चक्का तुमचा, उद्या तुम्ही वाटा."

सकाळी वडील बाह्या सरसावून पाट्यावर बसले. बी वरवंट्याखालून निसटून सैपाकघरभर उडालं. एक वाटण पुरं व्हायच्या आत खांदा धरला म्हणून उठले, आणि शाळेला जाता जाता गवळणीकडे स्वतःच निरोप ठेवून गेले.

संध्याकाळी म्हशीचं दूध आलं. आईच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि बाळ तिच्या मांडीवर टाहो फोडत होतं. दूध तापलं तसा मी पेला तिच्यापुढे सरकवला. तिने तो काठोकाठ भरला, पदरात धरला आणि नुकत्याच आलेल्या वडलांच्या हातात दिला.

"खांदा दुखतोय न्हवं तुमचा. आधी तुम्ही घ्या."

त्यांनी घेतला. वडलांवरचा माझा राग पुढे वयाबरोबर निवला. आईवरचा त्या संध्याकाळी आला, तो अजून तसाच आहे.