आत्याचे चार दिवस

माझ्या हनुवटीवर केस उगवले त्याच वर्षी आतोबांची मिल बंद पडली, आणि आमच्या घरात दोन्ही विषय सारख्याच दबक्या आवाजात निघायचे. मागच्याच गल्लीतलं मिलचं क्वार्टर सोडून आत्या आणि आतोबा आमच्या शेजारच्या खोल्यांत राहायला आले. माझी पाळी तेव्हा मनात येईल तशी यायची, महिनोन्‌महिने पत्ता नसायचा. त्यावर आत्याचं मत ठाम होतं. हे माझ्या आजोळचं आहे, आमच्याकडे असलं काही नाही, असं ती येईल त्याला ऐकवायची. माझ्या मावशीला मूल नव्हतं, तेवढा पुरावा तिला पुरे होता. तिला स्वतःलाही नव्हतं, पण ते म्हणे नशीब. आई उलटून बोलायची नाही. आपणच लेकीला हे दिलं, आता हिचं लग्न कसं जमायचं, या काळजीनं ती आतून खचत होती. मला आत्याचा भयंकर राग यायचा.

पण आत्याची बाजू भक्कम होती, कारण ती दर महिन्याला न चुकता बाजूला बसायची. आमच्याकडची शिवाशिव कधीच संपली होती. आत्या मात्र सासूच्या वेळचा नियम सांगून चार दिवस खिडकीपाशी चटई टाकायची आणि मासिकं वाचायची. आतोबा आता दिवसभर घरीच, त्यामुळे तेच कुकर लावून तिला ताट वाढायचे. पोहे तर ते आईपेक्षा बरे करायला लागले होते. क्वार्टरमध्ये होती तेव्हापासूनच, उन्हाळ्यात आमच्याकडे पापड लाटायची वेळ आली की आत्याला हटकून कावळा शिवायचा. नणंदा राहायला आल्या तरी शिवायचा. मला त्या कावळ्याच्या हुशारीचं कौतुक वाटायचं. आईला कधी शंका आली नाही.

शेवटी आई मला विजय नगरच्या नव्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे सोनोग्राफीचं मशीन होतं. सोबत म्हणून आत्याही आली. खरं तर तिला निकाल ऐकायचा होता.

डॉक्टरीणबाई हिंदीत बोलायच्या. त्यांनी शांतपणे समजावलं की अंडाशयावर लहान लहान गाठी दिसतात, पुरुषी हार्मोन जरा जास्त आहेत, म्हणून केस आणि म्हणून पाळीचा घोळ. पुढे शुगरकडेही लक्ष ठेवावं लागेल. असा कल पुष्कळदा घराण्यातून येतो, आईकडून, बापाकडून किंवा दोन्हीकडून. मग त्यांनी माझ्या मानेवरचा काळा पट्टा बघितला. बेसन आणि लिंबू लावून मी तो रोज घासायची. त्यांची नजर आत्याकडे गेली आणि त्यांनी तिला पदर सरकवायला सांगितला. तिथेही तसाच पट्टा होता. मंगळसूत्र घासून झालंय, असं आत्या म्हणाली. माझ्या गळ्यात तर अजून मंगळसूत्र नव्हतं.

तुमची पाळी वेळेवर येते का, असं डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं. आत्यानं तोंड उघडायच्या आत आईच बोलली. "इनका तो एकदम टाइम से. मैं इतने बरसों से देख रही हूँ."

ज्या नणंदेनं तिला वर्षभर बोल लावला होता तिच्या बाजूनं साक्ष आई इतक्या सरळपणे देत होती, की मला रडू आलं. मग आपल्या बहिणीला मूल नाही हे सांगायला तिनं मान खाली घातली.

"थांबा वहिनी," आत्या म्हणाली.

मग तिनं सगळं सांगून टाकलं. लग्नानंतर तिची पाळी अशीच लांबायची, आणि दर वेळी सासू गोड बातमी समजून चिंचा आणायची. एकदा तर पेढेही वाटले गेले. पुढे सगळं निष्फळ झालं की टोमणे, नवस, उपास. शेवटी एका महिन्यात ती आपली आपणच कोपऱ्यात जाऊन बसली आणि घर शांत झालं. तेव्हापासून पाळी वर्षातून एखाद्या वेळेस यायची, पण ही दर महिन्याला बसायची.

"और सच बोलूँ तो आराम भी मिलता था," ती म्हणाली. "लिखो डॉक्टर साहब, ये हमारी तरफ से आया है."

मला एकदम मोकळं वाटलं. माझ्या हनुवटीचा गुन्हेगार कुणीच नव्हता, आणि तोच त्रास घेऊन एक बाई माझ्या शेजारी बसली होती. आता आई हिला फाडून खाणार, असं मला वाटलं. आई आत्याकडे वळली.

"म्हणजे वन्सं," ती म्हणाली, "इतकी वर्षं पापड मी एकटीनं लाटले?"

तपासणीत आत्याची शुगरही वाढलेली निघाली. आतोबांना तिनं घरी जाऊन स्वतःच सगळं सांगितलं. ते रात्रीच्या भाजीत तेल किती घालायचं ते विचारायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात पापडाचं पीठ भिजलं त्या सकाळी आईनं खिडकीपाशी चटई टाकली, आत्याचं मासिक उघडलं आणि आपल्याला कावळा शिवल्याचं जाहीर केलं. आईची पाळी थांबून दोन वर्षं झाली होती. आत्यानं पोळपाट पुढे ओढला.