पिलबाग

जळगावच्या आमच्या केळी संघात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणायचे. त्या मूळच्या शिंदखेड्याच्या. त्यांचे चष्मे तीन, छत्र्या दोन, आणि घराची एक किल्ली कायम माझ्या खणात. "एकावर विसंबायचं नाही, भाऊ," हे मला रोज ऐकावं लागे.

मॅनेजरना एकच मोठं यंत्र हवं होतं. अक्कांनी भांडून तीन साधे कॉम्प्युटर घेतले, वायरीने जोडले, आणि एकावर नोंदलेलं बाकी दोघांवरही उतरेल अशी सोय केली. तिला त्या पिलबाग म्हणत. घड कापल्यावर केळीचं खोड जातं, पण बुंध्याशी फुटलेली पिलं बाग चालू ठेवतात. काम वाढलं तेव्हा चौथा कॉम्प्युटर जोडायला त्यांना एक दुपार पुरली.

नाशिकहून आलेल्या तपासनिसांनी विचारलं, "हे बंद पडलं तर?" अक्कांनी चालू कॉम्प्युटरची पिनच भिंतीतून उपटली. त्या शेजारच्या खुर्चीवर सरकल्या आणि खिडकीतल्या शेतकऱ्याला त्याच्या मालाचं वजन सांगून टाकलं. मग तपासनिसांकडे वळून म्हणाल्या, "बठ्ठं शे, भाऊ. सगळं आहे, काही गेलं नाही." मी उगाच ताठ बसलो, जणू पिन मीच उपटली होती.

पुढे मुलीच्या लग्नासाठी त्या रजेवर गेल्या. आम्हाला एकमेकांची कामं, अगदी स्वतःचंही, त्यांनी आधीच शिकवली होती. परत येताच त्यांनी विचारलं, "माझ्यावाचून काय अडलं?"

"काहीच नाही, अक्का."

"मंग पिलबाग लागनी," म्हणत त्यांनी अख्ख्या ऑफिसला जिलेबी मागवली.